जस्त कमी, तांबं पुरेसं

माझ्या गळ्यातली गाठ सगळ्यांत आधी सापडली ती आपाच्या टेपला.

आपा आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहायची आणि शिवणकाम करायची. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी. अख्खी गल्ली तिला आपा म्हणायची, आणि चुकून कधीकधी तिचा नवराही. बाकीच्या बायका तिच्याकडून खोल गळ्याचे, मागे दोऱ्या असलेले ब्लाऊज शिवून घ्यायच्या. माझे मात्र बंद गळ्याचे, पट्टी लावलेले. यात फॅशनचा काही संबंध नव्हता. मी यवतमाळात माती तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी आम्लाचा एक थेंब उडून गळ्याखाली बसला, तेव्हापासून मी गळा झाकून घ्यायला लागले.

बंद गळा म्हटला की गळ्याचं माप आलं. आपा दर दिवाळीला ते नव्यानं घ्यायची. "मागच्या वर्षीचं आहे ना वहीत," असं मी म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर यायचं, "बाई, कपडा पुराना चलता, माप पुराना नहीं चलता."

त्या दिवाळीच्या आधी तिनं टेप माझ्या गळ्याभोवती फिरवली आणि थांबली. सैल केली, पुन्हा आवळली.

"बाई, थूक गिळा जरा."

"काहून?"

"गिळा त."

मी गिळली. तिचं बोट टेपच्या खाली होतं. "पाहा, इथं काहीतरी वर-खाली होऊन राह्यलं. मागच्या साली साडेबारा होता, औंदा सव्वातेरा. बाकी आंगानं त तुमी सुकून राह्यल्या. मंग गळाच कायले फुगून राह्यला?"

"चिवडा अडकला असेल," मी म्हटलं.

ती हसली नाही. माझं कापड घडी करून तिनं मशीनच्या फळीखाली ठेवून दिलं. "डॉक्टरचा कागद दाखवा, मंग ब्लाऊज. नाहीतर ईद आली तरी कपडा इथंच."

आपा बोलते तसंच करते हे मला माहीत होतं. दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती आणि साडी नवी होती. मी डॉक्टरकडे गेले ती आरोग्याच्या काळजीनं गेले असं म्हणायला मला आवडेल, पण खरं सांगायचं तर ब्लाऊज सोडवायला गेले.

ती कापसाची वाईट वर्षं होती. यवतमाळचं नाव दिल्लीच्या बातम्यांत यायचं, गाड्या भरून पाहुणे यायचे, कॅमेरेवाले यायचे. आमच्या प्रयोगशाळेत मात्र मातीच्या पिशव्या यायच्या. कपाशीची पानं लाल पडून गळायची, लोक त्याला लाल्या म्हणायचे, आणि ज्याला त्याला वाटायचं की याचं उत्तर मातीत असेल. पिशव्या तरी कसल्या! बियाण्याच्या, खताच्या, लग्नात मिळालेल्या, साडीच्या दुकानाच्या. एकानं तर पायजम्याच्या एका पायात माती भरून, खालून गाठ मारून आणली होती. पायजमा परत पाहिजे म्हणून तो दुपारपर्यंत ओट्यावर बसून राहिला.

नत्र, स्फुरद, पालाश ही मोठी मंडळी. ती दुसऱ्या टेबलावर तपासली जायची. माझ्याकडे चिल्लीपिल्ली होती: लोह, जस्त, तांबं आणि मंगल, म्हणजे मँगनीज. दहा लाख भागांत एखाद-दुसरा भाग, इतकीच त्यांची हजेरी, पण ती नसली की पीक रुसतं. मी मशीनवर आकडा काढायचे आणि अहवालात लिहायचे, 'जस्त कमी, तांबं पुरेसं.' आपल्याकडच्या काळ्या मातीबद्दल हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलं होतं की पेन टेकवला की ते आपोआप उमटायचं.

तर डॉक्टर. यवतमाळच्या डॉक्टरांनी गळा चाचपला, सोनोग्राफी करायला लावली, मग गाठीत बारीक सुई घालून दोन थेंब काढले. तो तपासणीचा कागद मी आपाला दाखवला आणि तिनं शब्द पाळून तीन दिवसांत ब्लाऊज शिवून दिला. दिवाळी मी नव्या साडीत केली. अहवाल आला तो दिवाळीनंतर, आणि तो घेऊन आम्ही नवरा-बायको नागपूरला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर वयस्कर होते, सावकाश बोलायचे. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला. "थायरॉईडचा कॅन्सर आहे. पण नावाला घाबरून जाऊ नका. हा फार धिम्या चालीचा प्रकार आहे, आणि आपण वेळेत आलोय."

माझे यजमान लोहाऱ्याच्या एमआयडीसीत मशीन दुरुस्तीच्या कामाला. बिघाड कळला की त्यांचा पहिला प्रश्न एकच असतो.

"साहेब, तो पार्टच काढून टाकता येते का?"

"येतो. पूर्ण ग्रंथीच काढू."

"मंग तिच्या जागी?"

"रोज सकाळी एक गोळी. जन्मभर."

"गोळीवर चालते?" यांनी मोठा श्वास सोडला. "मले वाटलं काहीतरी बसवा लागन."

डॉक्टर हसले, मीही हसले. खाली आल्यावर यांनी टपरीवरून दोन चहा घेतले, माझ्याशेजारी उभे राहिले, आणि रस्त्याकडे पाहत आधी एक चहा प्यायले, मग दुसराही. रिकामे झालेले दोन कप हातात घेऊन त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मला कळलं की हा माणूस किती भ्यायला आहे. मला रडू आलं ते दुसऱ्या दिवशी, घरी, मेथी निवडताना. छत्तीस वर्षांची होते मी. मेथी निवडून झाली, रडणं झालं, आणि भाजी फोडणीला टाकली.

बातमी गल्लीत फिरली तशी कारणं यायला लागली. माझ्या सासूबाई बाभुळगावला राहायच्या. त्या बसनं आल्या आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाल्या, "हे बोअरच्या पाण्यानं झालं. मी सांगतलं होतं, विहिरीचं प्या." समोरच्या घरातल्या काकूंनी पत्ताकोबीवर खापर फोडलं. यांच्या कारखान्यातल्या एकानं मोबाइलच्या टॉवरवर. आपानं मिरच्या ओवाळल्या आणि वर म्हणाली, "नजर बी असते बाई, पर दवा बी करा."

मी सगळ्यांचं हसून ऐकून घ्यायचे. पण मनातल्या मनात माझंही एक लाडकं कारण तयार झालं होतं, आणि ते शास्त्रातलं वाटत असल्यामुळे इतरांपेक्षा जास्त हट्टी होतं. आपल्या मातीत जस्त कमी. म्हणून ज्वारीत कमी, तुरीत कमी. तीच ज्वारी आणि तीच तूर मी जन्मभर खाल्ली, म्हणून माझ्यात कमी. आणि म्हणून गाठ. दहा वर्षं लोकांच्या शेताचा म्हणून जो अहवाल मी लिहीत होते, तो माझाच होता की काय, असं मला वाटायला लागलं. लायब्ररीतून मी आरोग्याची पुस्तकं आणली. त्यांत सेलेनियम नावाचं आणखी एक द्रव्य निघालं. ते तर आमची प्रयोगशाळा तपासतही नव्हती. म्हणजे आणखी एक संशयित.

ऑपरेशनच्या आधी नागपूरला गेलो तेव्हा मी डॉक्टरांना विचारलंच. वहीत प्रश्न लिहून नेले होते.

"डॉक्टर, माझ्या शरीरात जस्त कमी पडलं म्हणून हे झालं का? की सेलेनियम?"

त्यांनी पेन खाली ठेवला. "काय काम करता तुम्ही?"

मी सांगितलं.

"हं, तरीच. प्रश्न चुकीचा नाही तुमचा. ही ग्रंथी आयोडीनवर चालते, आणि सेलेनियम, जस्त, लोह, तांबं यांचीही तिला गरज लागते. काही ठिकाणी अशा रुग्णांच्या रक्तात सेलेनियम कमी सापडलं, कुठे जस्त कमी, कुठे तांबं जास्त. आणि काही ठिकाणी शोधूनही काहीच फरक सापडला नाही."

"पण कमी सापडलं तिथे तर कारण तेच ना?"

"कसं म्हणता येईल? कमी होतं म्हणून गाठ झाली, की गाठ झाली म्हणून कमी झालं? आजार झाल्यावर घेतलेलं रक्त हे सांगत नाही."

"आणि आयोडीन?"

"त्याचं कमी असणंही वाईट आणि फार जास्त असणंही बरं नाही. मिठात आयोडीन घालायला लागल्यापासून गलगंड कमी झाले, एवढं मात्र पक्कं."

"मग माझ्यात नेमकं काय कमी होतं?"

"ते मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि कुणी खात्रीनं सांगितलं तर त्याच्याकडून गोळ्या विकत घेऊ नका."

मला राग आला. इतक्या दुरून बसनं येऊन 'माहीत नाही' ऐकायचं? आमच्याकडे कुणी पायजम्यातून माती आणली तरी आम्ही त्याला आकडा देतो. परतीच्या बसमध्ये मी ठरवलं की आपला आकडा आपणच काढायचा.

केसांत ही द्रव्यं साठतात, असं मी वाचलं होतं. मी माझ्या मानेजवळचे थोडे केस कापले. एकट्या नमुन्याला अर्थ नाही, तुलनेला कुणीतरी पाहिजे, म्हणून यांचेही कापले. हे आरशासमोर भांग पाडत होते. "अवं, काय करून राह्यली?" म्हणेपर्यंत कात्री चालून गेली होती. सासूबाईंना मी सांगून कापले. त्या म्हणाल्या, "ने बापा, तसे बी गळूनच राह्यले." आपा स्वतः होऊन आली, पण तिच्या केसांना मेंदी होती. मेंदीतलं काय आणि केसातलं काय हे कळणार नाही म्हणून तिचा नमुना मी बाद केला. तिला ते चांगलंच लागलं.

प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत मी ते केस धुतले, वाळवले, वजन केले, आम्लात विरघळवले आणि तीन बाटल्या मशीनला लावल्या. आमचे साहेब पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेले, शिस्तीचे. ते नेमके तेव्हाच आत आले.

"या बाटल्यांवर गावाचं नाव नाही. कुठला नमुना?"

"साहेब, माझ्या डोक्याचा."

माझ्या आजाराबद्दल त्यांना माहीत होतं. ते एक स्टूल ओढून शेजारी बसले. "चालवा. मशीन तापलंच आहे तर." आणि स्वतःच्या पूर्ण टकलावरून हात फिरवत म्हणाले, "मला काही यात भाग घेता येणार नाही."

आकडे आले. जस्त माझ्यापेक्षा यांचं कमी होतं. सासूबाईंचं तर आम्हा तिघांत सगळ्यांत कमी. आणि सासूबाई म्हणजे सत्तरीत बाभुळगावहून उभ्यानं बसचा प्रवास करणारी बाई, साधं सर्दी-पडसंही ठाऊक नसलेली. तांबं तिघांचंही जवळपास सारखंच.

मी त्या कागदाकडे बघत राहिले. साहेबांनीही बघितला.

"शेतकऱ्याला आपण काय सांगतो?" त्यांनी विचारलं. "एका शेतातून किती ठिकाणची माती आणायची?"

"पंधरा-वीस."

"का?"

"एका मुठीवरून शेत कळत नाही."

"मग? तीन माणसांच्या केसांवरून एवढंच कळतं की तुमच्या घरी तीन माणसं आहेत."

त्या दिवशी मी डबा खाल्ला तो बऱ्याच दिवसांनी चवीनं. कारण सापडलं नव्हतंच. पण दहा वर्षांचे ते अहवाल म्हणजे माझ्यावरचा आरोप नाही, एवढं सुटलं. जेवताना सारखी ज्वारीच्या भाकरीकडे संशयानं बघत होते, तेही थांबलं. बिचारीनं काही केलं नव्हतं.

ऑपरेशन संक्रांतीनंतर झालं. ते ठीक पार पडलं, फक्त आवाज बसला. महिनाभर माझ्या तोंडून फुसफुस तेवढी निघायची. मी कुजबुजले की समोरचाही कुजबुजायला लागायचा. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हे आम्ही नवरा-बायको चोरांसारखं एकमेकांना सांगायचो. आपा यायची तेव्हा तीही कुजबुजायची, आणि दहा मिनिटांनी स्वतःच वैतागायची, "मी कायले हळू बोलून राह्यली? माह्या गळ्याले काय झालं?"

खरी मजा पुढेच होती. डॉक्टरांनी सांगितलं की आत राहिलेल्या पेशी मारायला किरणांचं आयोडीन द्यायचं. त्या पेशी आयोडीनच्या हावरट असतात. आधी त्यांना उपाशी ठेवायचं, मग हे आयोडीन वाढायचं. त्या अधाशासारखं खातात आणि मरतात. त्यासाठी गोळी काही आठवडे बंद, आणि शेवटचे दोन आठवडे पोटात आयोडीन जाऊ द्यायचं नाही. दूध, दही, अंडी, मासे, बेकरीचं सगळं बंद. आणि आयोडीनचं मीठ बंद.

गोळी बंद झाल्यावर माझं यंत्र मंदावलं. होळी होऊन गेली होती, यवतमाळचं ऊन डोक्यावर आलेलं, लोक ओले टॉवेल घेऊन फिरायचे आणि मी स्वेटर घालून दारात बसायचे. मला थंडी वाजायची. एक ओळखीचा भाजीवाला दोनदा पुढे जाऊन परत आला, फक्त बघायला.

मिठाचं काम यांनी अंगावर घेतलं. "मीठच आणायचं हाय न? त्यात काय." गेले आणि तीन दुकानांतून तीन पुड्या घेऊन आले. आरोग्य केंद्रातल्या माझ्या एका ओळखीच्या बाईनं मला मीठ तपासायची छोटी बाटली दिली होती. मिठावर एक थेंब टाकायचा, आयोडीन असेल तर मीठ जांभळं होतं. पहिली पुडी जांभळी. दुसरी जांभळी. तिसरी तर जांभळाच्या रसात घातल्यासारखी. यांनी बाजार पालथा घातला. साधं मीठ, जाडं मीठ, सुटं मीठ, लोणच्याचं मीठ. सगळी जांभळी. माझ्या मदतीला येऊन राहिलेल्या सासूबाईंनी बाभुळगावहून डब्यात बांधून आणलेलंही जांभळं. लोकांच्या पोटात आयोडीन जावं म्हणून सरकारनं केवढी खटपट केली असेल ते मला तेव्हा कळलं. अख्ख्या गावात एक चमचा मीठ सुटलेलं नव्हतं.

"बिनमिठाचं खाईन मी दोन आठवडे," मी म्हटलं.

"कायले खातं? मी पाहतो न," हे म्हणाले आणि पुन्हा चपला घालायला लागले.

तेवढ्यात आपा आली. ओट्यावर मांडलेल्या अकरा जांभळ्या बशा बघून ती दारातच थांबली. "हे काय, होळी संपली नाई तुमची?"

आम्ही सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला.

"बाई! बिना आयोडीनचं नमक? आमच्या घरी अख्खी बोरी भरून पडून हाय!"

आपाच्या नवऱ्याची कुल्फीची गाडी होती. उन्हाळ्यात बसस्टँडसमोर उभी राहायची. कुल्फी गोठवायला बर्फात मीठ घालतात, आणि ते मीठ जनावरांच्या खाद्याच्या दुकानातून यायचं. आपा ओंजळभर घेऊन आली. करड्या रंगाचे मोठे खडे, त्यांत काडी-कचरा, एक सुतळीचा तुकडा. मी थेंब टाकला. आम्ही तिघं बशीवर वाकून बसलो. थेंब तसाच राहिला. पाण्यासारखा. मिनिट गेलं, दोन गेली. खडा करडाच.

हे इतक्या जोरात ओरडले की सासूबाई न्हाणीतून "काय मेलं?" म्हणत बाहेर आल्या.

डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, नीट स्वच्छ करा, थोडंच वापरा, नाहीतर बिनमिठाचं चालवा. स्वच्छ करणं हा तर माझा धंदा. मीठ पाण्यात विरघळवलं, गाळण्याच्या कागदातून दोनदा गाळलं, स्टीलच्या पातेल्यात आटवलं. तळाशी पांढरी शुभ्र साखरेसारखी पूड बसली. पुन्हा थेंब टाकून बघितला. मग ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि त्या मिठात कुटलेला हिरव्या मिरचीचा ठेचा. दूध बंद म्हणून चहा काळा. "तू खाशील तेच मी खाईन," असं यांनी जाहीर केलं होतं आणि घरात ते पाळलंही. चौथ्या दिवशी यांच्या शर्टाच्या खिशावर लोणच्याचं तेल सापडलं. लोहाऱ्याला दुपारी कुणाचा तरी डबा उघडत असणार. मी काही बोलले नाही. आवाज तसाही जपून वापरायचा होता.

नागपूरला तीन दिवस एकटीनं खोलीत राहायचं होतं. अंगातून किरणं निघतात म्हणून कुणी जवळ यायचं नाही, आणि घातलेले कपडे तिथेच सोडायचे. जुने गाऊन ठेवून देते, असं मी आपाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती दोन नवे गाऊन घेऊन आली. उरलेल्या तुकड्यांतून शिवलेले, मऊ सुती, गळ्याला टाक्यांचा त्रास नको म्हणून पुढून सैल, आणि वर लाल पायपिंग. खिसासुद्धा होता.

"आपा, हे फेकायचे आहेत."

"फेकेपर्यंत घालान न?"

"पायपिंग कशाला मग?"

"ती खोली कशी असन काय मालूम," ती म्हणाली. "कपडा त आपला असला पाहिजे."

खोली चांगली होती. भिंती जाड, खिडकी उंच. मोठे हातमोजे घातलेला एक माणूस शिशाचा जड डबा घेऊन आला, त्यातून चिमट्यानं एक कॅप्सूल काढली आणि मी ती पाण्याबरोबर घेतली. तो पटकन दाराशी गेला. बस, एवढंच. एवढ्याशा कॅप्सूलसाठी दोन आठवडे, अकरा बशा आणि एक कुल्फीची गाडी. लाळ सुटत राहावी म्हणून लिंबाच्या गोळ्या चघळायच्या होत्या, भरपूर पाणी प्यायचं होतं. नर्सबाई जेवण दारात ठेवायच्या आणि तिथूनच विचारायच्या, "बरं आहे ना?" मी लांबून हात करायचे. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून दिला होता. यांचा फोन यायचा, त्यात काळजीचं एक अक्षर नसायचं. "आज वरणाले फोडणी देली. जळली. माय म्हणते चांगली झाली." मग, "काय करून राह्यली?" "बसलेय." "बस मंग." अशी आमची बोलणी. दुसऱ्या दुपारी फोन ठेवल्यावर मी त्या गाऊनच्या खिशात हात घालून बरंच रडले. एकटी होते, कुणी बघत नव्हतं, म्हणून मोकळेपणानं रडले. बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी एक यंत्र घेऊन माणूस दारात आला, त्यानं माझ्याकडे रोखून आकडा वाचला. "जाऊ शकता." दोन्ही गाऊन मी घडी करून पिवळ्या पिशवीत ठेवले. टाकवत नव्हतं, पण टाकले.

घरी आल्यावर आणखी काही दिवस लांब राहायचं होतं. सासूबाई अंगणात खुर्ची टाकून बसायच्या, मी आतल्या खोलीत, आणि माझा आवाज आता पुरता परतलेला. त्यामुळे आमच्या सासू-सुनेच्या गप्पा सगळ्या गल्लीला ऐकू जायच्या. त्या काळात आम्ही दोघी एकमेकींशी फार गोड बोललो. पुढे तपासण्या होत गेल्या, गळा स्वच्छ निघत गेला. अजूनही स्वच्छ आहे. सकाळी उपाशीपोटी एक गोळी घेते, अर्ध्या तासानं चहा, दुधाचा.

कामावर परतले त्या पावसाळ्यात फुलसावंगीकडची एक बाई कपाशीच्या शेताची माती घेऊन आली. पंधरा ठिकाणची, नीट मिसळून, कापडी पिशवीत. अशी माणसं मला फार आवडतात. मी पावती लिहीत होते आणि ती माझ्या गळ्यावरच्या खुणेकडे बघत होती. ऑपरेशननंतर मी बंद गळा सोडला होता, शिवण घासायची म्हणून.

"बाई, हे कायचं?"

मी थोडक्यात सांगितलं.

तिनं पदर बाजूला केला. गळ्याच्या डाव्या बाजूला लिंबाएवढं काहीतरी होतं. "माह्यं बी हाय. चार-पाच वर्सं झाले. दुखत नाई म्हून कोनाले सांगतलं नाई." मग जरा पुढे वाकून, "तुमी माती पाहता न? हे कायच्या कमीनं होते? आमच्या इकडच्या मातीत काही नाई काय?"

मला क्षणभर माझी ती वही आठवली. उत्तर अगदी जिभेवर होतं, दहा वर्षांच्या सवयीचं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "मातीवरून ते कळत नाही. पण दाखवायचं मात्र आजच. मी येते संगं."

साहेबांना सांगून मी अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि तिला रिक्षात घालून यवतमाळच्या डॉक्टरांकडे नेलं. बाकावर बसल्यावर तिनं माझा हात घट्ट धरला. सुई टोचताना तिनं डोळे मिटले, मी मात्र उघडेच ठेवले. ती गावी गेली. पुढचे आठ दिवस मी मशीनवर कुणाकुणाचे आकडे काढले देव जाणे. स्वतःच्या वेळी घाबरले नव्हते इतकी घाबरले होते.

दहाव्या दिवशी ती दारात उभी. हातात कागद, तोंडभर हसू.

"बाई, साधी निघाली! डॉक्टर म्हणे कॅन्सर नोहे, नुसता गलगंड. रक्त तपासलं, गोळी देली, सहा महिन्यानं याले सांगतलं."

मी कागद दोनदा वाचला. तिला खुर्ची दिली, चहा सांगितला. मी उगाच टेबल पुसलं. तिनं चहा बशीत ओतून प्यायला, तोंड पुसलं आणि सरळ होऊन बसली.

"झालं न माह्यं? आता त्या मातीचं सांगा. तिच्यात काय निघालं?"